आवाजाची कामं आणि आवाजावरचा हक्क: डबिंग, श्राव्यपुस्तकं, करार, एआय

खर्जातला
नाटक-मालिकांत काम करणारी बरीच मंडळी आता डबिंग, श्राव्यपुस्तकं, जाहिराती, गेम अशी आवाजाची कामंही घेतात. त्याच वेळी, नोंदवलेल्या आवाजाचं पुढे काय होतं यावर कलाकारांनी उघडपणे बोलायची गरज वाढली आहे. या धाग्यात दोन्ही बाजू हव्या आहेत. लूप कसा भरला जातो हे माहीत नसेल तर करारातलं रीटेकचं कलम कुठे बोचतं ते कळत नाही. आणि करार न वाचता व्यासपीठावर केलेलं भाषण पोकळ वाटतं.

सुरुवात कामापासून करू. डबिंगमध्ये सीन तुकड्यांत घेतला जातो, तो तुकडा म्हणजे लूप. हेडफोन एका कानावर ठेवायचा, त्यात पायलट, म्हणजे मूळ भाषेतल्या नटाचा नोंदवलेला आवाज, ऐकायचा. दुसरा कान मोकळा ठेवला की स्वतःची पट्टी कळत राहते. पडद्यावर टाइमकोड, म्हणजे वेळेचे आकडे, पळत असतात. पहिल्यांदा लूप नुसता बघायचा आणि श्वास कुठे घेतलाय ते पेन्सिलीनं टिपायचं. दुसऱ्यांदा ओठांसोबत पुटपुटायचं. टेक तिसऱ्यांदा. नवीन माणूस पहिल्याच फेरीला बोलायला जातो, वाक्य वेळेत बसतं, पण श्वास मूळ नटाच्या श्वासाशी जुळत नाही. मग सगळं बरोबर असूनही प्रेक्षकाला ते चिकटवल्यासारखं वाटतं.

डबिंगपट्टी
ओठांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मराठी डबिंग सगळ्यात जास्त इथेच घसरतं.

प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. क्लोजअपमध्ये हे अक्षर चुकलं की लगेच दिसतं. बाकीची व्यंजनं बऱ्यापैकी खपून जातात. इंग्रजी पात्र 'स्टॉप!' म्हणतं तेव्हा शेवटी ओठ बंद असतात. तिथे 'थांब!' अगदी नेमकं बसतं. पण पात्र वरिष्ठाशी बोलत असेल तर अहो-जाहो हवं, आणि 'थांबा' म्हटलं की मिटलेल्या ओठांवर 'आ' ऐकू येतो. अशा जागी 'अहो साहेब!' चालून जातं. आदर राहतो, शेवटचा 'ब' मिटतो आणि अडवण्याचा भाव सुरातून येतो. 'मूव्ह!'साठी 'चला!' लिहिलेलं असतं, पण सुरुवातीला ओठ मिटत नाहीत. 'पळा!' किंवा 'मागे व्हा!' घ्या.

दुसरा प्रश्न लांबीचा. भाषांतरकार 'मी जात आहे' लिहितो, तोंडात मात्र 'जातोय' येतं. झालंय, गेलीय, सांगितलंन, येतेस ना, अशी बोलीतली रूपं वापरली की एक-दोन अक्षरं वाचतात आणि संवाद माणसाचा वाटतो. हिंदीवरून मराठी करताना 'है'च्या जागी 'आहे' टाकत गेलं तर प्रत्येक वाक्य एका अक्षरानं लांबतं. मग कलाकार घाई करतो आणि शेवटचं क्रियापद गिळतो. मराठीत अर्थ बऱ्याचदा त्या शेवटच्या क्रियापदातच असतो. स्क्रिप्टमध्ये तोंड दिसत नाही अशी खूण असलेल्या जागा आधी शोधून ठेवा. लांब वाक्याचा उरलेला भाग तिथेच सरकवता येतो.

ओरडणं, धापा, मार खाल्ल्याचे आवाज यांना एफर्ट्स म्हणतात. ते सत्राच्या शेवटी ठेवायला सांगा. आधी घेतले तर उरलेल्या शांत संवादांत घसा खरखरीत लागतो, पुढच्या दिवशी पुन्हा बोलावतात, आणि तो दिवस बहुतेक वेळा बिनपैशाचा असतो.

स्वरयंत्र
डबिंगपट्टीताईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. अमेरिकेत २०१६ साली गेममधल्या आवाज कलाकारांनी संप केला, तेव्हाच्या मागण्यांमध्ये घशावर ताण आणणारी सत्रं दोन तासांवर थांबवा ही एक मागणी होती. आपल्याकडे असा लेखी नियम नसला तरी स्वतःच्या करारात ही ओळ घालता येते: किंकाळ्या, मारामारी, राक्षसी आवाज यांचं सत्र दोन तासांपेक्षा जास्त नाही आणि त्यानंतर त्या दिवशी दुसरं काम नाही.

ओरडताना स्वरतंतू एकमेकांवर जोरानं आपटतात. कोरड्या घशात तर त्यांना सूज लवकर येते. पाणी प्यायल्यावर त्याचा परिणाम तिथे पोहोचायला वेळ लागतो, म्हणून सत्रातल्या घोटांपेक्षा सकाळपासून प्यायलेलं पाणी जास्त उपयोगी. सत्राआधी एक व्यायाम करावा: ग्लासात पाणी घेऊन स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवायची आणि 'ऊ' म्हणत बुडबुडे काढत खालून वर, वरून खाली पाच मिनिटं सूर फिरवायचा. घसा बसल्यावर कुजबुजत बोलणं म्हणजे विश्रांती नाही. बऱ्याच जणांना त्यानं ताणच पडतो, गप्प राहणं बरं. तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन दुर्बिणीनं स्वरतंतू बघून घ्या. आलं-मध घेत वाट बघू नका.

१६ एप्रिलला जागतिक आवाज दिन असतो. शाळेत शिक्षकांसमोर बोलायला यापेक्षा चांगलं निमित्त नाही. नट शिकवतो तेव्हा लोक ऐकतात.

श्रुतिका
श्राव्यपुस्तकांचं गणित वेगळं. एका तासाच्या तयार ध्वनीला दोन ते तीन तास माईकसमोर बसावं लागतं, संपादन त्याहून निराळं. मानधन 'तयार तासाला' ठरतं की 'बसलेल्या तासाला', हे पहिल्याच फोनवर विचारा. होकार देण्याआधी पुस्तकातली मधली चार पानं मोठ्यानं वाचून घड्याळ लावा. संवादप्रधान कादंबरी आणि तळटीपांनी भरलेलं चरित्र यांच्या वेगात फार फरक पडतो.

तयारीची वही करायची. एका पानावर पात्रं: वय, गाव, बोलीचा ढंग, पट्टी, आणि पहिल्या प्रवेशाचा पान क्रमांक. दुसऱ्या पानावर उच्चार. मराठी वाचकाला फसवतात ती च आणि ज ही अक्षरं. 'चार' म्हणजे संख्या, तो तालव्य. 'चारा'तला दंत्य. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगण्याची आज्ञा, लिहिताना एकच, उच्चार दोन. संहितेत दंत्य अक्षराखाली टिंब द्यायची सवय लावली तर वाचताना अडखळावं लागत नाही. 'सिंह', 'संयम', 'संशय' यांतल्या अनुस्वारांचं उच्चारण आधी ठरवून संपूर्ण पुस्तकात तेच ठेवा. आठव्या प्रकरणात बदललं तर ऐकणाऱ्याला खटकतं.

माईकपासून वीतभर अंतर, तोंड किंचित तिरकं, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. घरच्या खोलीत समोरच्या भिंतीवर जाड गोधडी, पाठीमागे कपड्यांचं उघडं कपाट. पंखा बंद. फ्रिज बंद केला तर मोटारीची किल्ली फ्रिजवर ठेवा, म्हणजे तो पुन्हा चालू करायचं विसरत नाही. पत्र्यावरचा पाऊस कुठल्याही सॉफ्टवेअरनं नीट जात नाही, जून ते सप्टेंबर वेळापत्रक सैल ठेवा.

श्राव्यपुस्तकांच्या आंतरराष्ट्रीय मंचांवर मागितली जाणारी पातळी साधारण अशी असते: सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या मध्ये, शिखर उणे ३ च्या आत, खोलीची शांतता उणे ६० च्या खाली. नवखे लोक शांतता मिळवायला नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा ध्वनी बंद करणारं साधन) जोरात लावतात. मग दोन वाक्यांमध्ये ध्वनी पूर्ण मरतो आणि ऐकताना कोणी कानावर हात ठेवून काढल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा रोज सुरुवातीला तीस सेकंद रिकामी खोली रेकॉर्ड करून ठेवा आणि कापलेल्या जागी तीच भरा.

माईकसमोर
हे सगळं छान. पण खर्जातला यांनी म्हटलेली दुसरी बाजू कोणी तरी लिहा. 'सर्व माध्यमांत, सध्या ज्ञात वा पुढे शोधल्या जाणाऱ्या, जगभर, कायमस्वरूपी' असं छापील कलम प्रत्येक कागदावर असतं. त्यावर सही केली की संपलं का सगळं?

कलम३८
नाही, आणि हे प्रत्येक आवाज कलाकाराला माहीत असायलाच हवं. जरा लांब लिहितो.

प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ मध्ये 'सादरीकरण' या शब्दात दृश्य आणि श्राव्य दोन्ही येतं. म्हणजे नुसता आवाज देणाराही सादरकर्ता आहे. पण व्याख्येत सादरीकरण 'लाइव्ह' हवं, आणि स्टुडिओतलं काम 'लाइव्ह' नाही असा मुद्दा निघतो. दिल्ली उच्च न्यायालयानं २००६ मध्ये नेहा भसीन यांच्या खटल्यात स्टुडिओतलं सादरीकरणही मुळात लाइव्हच असतं असं मानलं. तो खटला गायिकेला योग्य श्रेय न दिल्याबद्दल होता, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

श्रेयाचा मुद्दा मानापमानाचा समजू नका. सादरकर्त्याच्या व्याख्येला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी जोड, आहे: चित्रपटात ज्याचं काम किरकोळ स्वरूपाचं आहे आणि व्यवसायाच्या रीतीनुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला बहुतेक हक्कांसाठी सादरकर्ता धरत नाहीत. डबिंग कलाकारांची नावं सर्रास गाळली जातात, त्यामुळे हे परंतुक थेट आपल्या गळ्याशी येतं. करारात 'त्या भाषेच्या आवृत्तीच्या श्रेयनामावलीत पात्राच्या नावासह कलाकाराचं नाव' एवढी ओळ हवीच.

२०१२ च्या दुरुस्तीनं तीन गोष्टी दिल्या. ३८अ: सादरकर्त्याचे स्वतंत्र हक्क. चित्रपटासाठी लेखी संमती दिली की त्याच चित्रपटापुरता निर्मात्याला वापर मोकळा, पण व्यावसायिक वापरात स्वामित्वधन (रॉयल्टी) मागण्याची तरतूद कायम. ३८ब: नाव लावून घेण्याचा आणि काम विद्रूप केल्यास आक्षेप घेण्याचा नैतिक हक्क. लांबीसाठी केलेली साधी काटछाट त्यात येत नाही. आणि ३९अ मुळे कलम १८ व १९ सादरकर्त्यांनाही लागू. कलम १९ सांगतं की करारात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. कलम १८ च्या परंतुकात आहे की करार झाला तेव्हा जो वापराचा प्रकार अस्तित्वात नव्हता किंवा व्यवहारात नव्हता, तो करारात नेमका नाव घेऊन लिहिलेला नसेल तर त्याला तो करार लागू होत नाही. 'पुढे शोधल्या जाणाऱ्या' हे मोघम शब्द म्हणजे नेमका उल्लेख नव्हे, असा युक्तिवाद करता येतो. २०१५ च्या डबिंग करारावर आज एआयनं आवाजाची प्रतिकृती बनवली जात असेल तर वकिलाला पहिल्यांदा हेच परंतुक दाखवा.

काळी चार
न्यायालयांनी एआयबद्दल काही म्हटलंय का?

कलम३८
मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला: परवानगीशिवाय कुणाचाही आवाज प्रसिद्ध गायकाच्या आवाजात बदलून देणारी साधनं पुरवणं म्हणजे व्यक्तिमत्त्व हक्काचा, म्हणजे स्वतःचं नाव, चेहरा, आवाज यांवरच्या हक्काचा, भंग. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाकडून संरक्षण मिळालं. मात्र हे आदेश नावाजलेल्या आवाजांबद्दल आहेत. कार्टूनमधल्या सशाचा आवाज लाखो मुलं ओळखतात, पण त्यामागच्या माणसाचं नाव कुणाला माहीत नसतं. प्रसिद्धी हाच ज्या हक्काचा पाया, तो या माणसाला कसा मिळणार? म्हणून करारावर आणि संघटनेवर भर द्यावा लागतो. सार्वजनिक मोहिमेत हाच मुद्दा पुढे आणायला हवा असं मला मनापासून वाटतं. ताऱ्यांच्या आवाजावर बातम्या होतात, गरज मात्र बिननावाच्या आवाजांना जास्त आहे.

न्यूजर्सीकर
अमेरिकेतले शब्द उपयोगी पडतील म्हणून देतो. सॅग-आफ्ट्रा या नट आणि आवाज कलाकारांच्या संघटनेचा गेम कंपन्यांविरुद्धचा संप २६ जुलै २०२४ ला सुरू झाला, जून २०२५ मध्ये स्थगित झाला आणि जुलैत सभासदांनी करार मंजूर केला. त्यात डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि वापराची माहिती देणं बंधनकारक आहे, शिवाय संपाच्या काळात प्रतिकृतीकडून नवं काम करून घेण्याची संमती कलाकाराला थांबवता येते. ही शेवटची तरतूद फार महत्त्वाची. नाही तर माणसं संपावर आणि त्यांचेच आवाज कामावर, असं होईल.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा आहे की प्रतिकृतीचा वापर नेमका कशासाठी हे करारात स्पष्ट नसेल आणि कलाकाराच्या बाजूनं वकील किंवा संघटना नसेल, तर माणसाच्या कामाची जागा घेणाऱ्या प्रतिकृतीचं कलम टिकत नाही. 'वापराचं नेमकं वर्णन' ही कल्पना आपल्या करारात जशीच्या तशी आणता येते.

डबिंगपट्टी
नमुना मांडते. करार बहुधा इंग्रजीत असतो, वकिलाकडून इंग्रजीत करून घ्या. यंत्रप्रशिक्षण म्हणजे एआयला शिकवण्यासाठी वापर.

"हे ध्वनिमुद्रण फक्त अमुक कामाच्या, अमुक भाषेच्या आवृत्तीसाठी वापरलं जाईल. कलाकाराच्या स्वतंत्र, लेखी आणि त्या त्या वापरापुरत्या संमतीशिवाय त्याचा कोणताही भाग यंत्रप्रशिक्षणासाठी, आवाजाची प्रतिकृती बनवण्यासाठी किंवा कलाकारानं न उच्चारलेली वाक्यं तयार करण्यासाठी वापरला जाणार नाही आणि त्यासाठी इतर कुणाला दिला जाणार नाही. ध्वनिशुद्धी, पातळी जुळवणं, वेळेशी जुळवून घेणं यांना हे कलम लागू नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. स्टुडिओत रोजच्या सफाईच्या साधनांतही आता एआय असतं. सरसकट 'एआय नको' लिहिलं की निर्मात्याचा वकील पूर्ण कलमच खोडतो. सफाई मोकळी ठेवली की बोलणं पुढे सरकतं.

माईकसमोर
पण स्टुडिओ म्हणतो, आम्ही मधले, कागद वरून येतो, एक शब्द बदलता येत नाही. तेव्हा?

खर्जातला
तेव्हा कागदाला हात लावू नका, रेकॉर्डिंगच्या आधी दोन ओळींचा मेल पाठवा: 'आज ठरल्याप्रमाणे माझं ध्वनिमुद्रण अमुक मालिकेच्या मराठी आवृत्तीपुरतं आहे, आवाजाची प्रतिकृती किंवा यंत्रप्रशिक्षण यात समाविष्ट नाही. वेगळं असल्यास सत्राआधी कळवावं.' उत्तर आलं तर उत्तम, नाही आलं तरी तारीखवार नोंद राहते. सही केलेल्या करारात स्पष्ट उलट लिहिलेलं असेल तर मात्र हा मेल तोकडा पडेल, तिथे सहीआधीच थांबावं लागतं.

आणि ऑडिशनकडे डोळे उघडे ठेवून बघा. खरी ऑडिशन एक-दोन मिनिटांची असते, त्यात पात्र असतं, प्रसंग असतो. अर्धा तास वाचायला दिलेली, एकमेकांशी संबंध नसलेली शेकडो छोटी वाक्यं, आकडे, तारखा, मग तेच वाक्य 'आनंदानं', 'रागानं', 'उदास' वाचा, असं आलं तर तो एआयला शिकवण्यासाठीचा आवाजाचा विदासंच (डेटासेट) आहे, भूमिका नाही. असं काम करूच नये असं नाही. पण ते वेगळं काम आहे, त्याचा दर वेगळा, मुदत वेगळी आणि संमतीपत्र वेगळं. ऑडिशन पाठवताना सुरुवातीला नाव, तारीख आणि 'फक्त निवडीसाठी' असं बोलून टाका, फाइल १२८ केबीपीएसची एमपी३ पाठवा, पूर्ण दर्जाची मूळ वेव्ह फाइल नको.

न्यूजर्सीकर
याला दुजोरा. न्यूयॉर्कमध्ये पॉल लेहरमन आणि लिनिया सेज या आवाज कलाकारांनी २०२४ मध्ये दाखल केलेला खटला असाच आहे. संशोधनासाठी किंवा चाचणीसाठी म्हणून घेतलेल्या नमुन्यांवरून आपले आवाज विकले गेले, असा त्यांचा दावा. जुलै २०२५ मध्ये न्यायाधीशांनी काही दावे फेटाळले, पण करारभंगाचे आणि राज्याच्या कायद्याखालचे दावे पुढे चालू ठेवले. करारभंग टिकला कारण 'कशासाठी' याची लेखी देवाणघेवाण त्यांच्याकडे होती.

काळी चार
मानधन वेळेवर मिळत नसेल तर? तीन-चार महिने 'वरून आलं नाही' एवढंच उत्तर असतं.

कलम३८
उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, करा. ती विनामूल्य आहे, एकट्या व्यावसायिकालाही होते आणि सेवा त्यात येतात. मग २००६ चा सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग कायदा बाजूनं उभा राहतो: लेखी मुदत असली तरी ती ४५ दिवसांपेक्षा जास्त धरता येत नाही, लेखी काहीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ व्याज. तक्रार या उद्योगांच्या मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर. नोंदणी काम घेण्याआधीची हवी, नंतर केलेली जुन्या बिलाला लावायला गेलं की वाद होतो. बिलावर उद्यम क्रमांक छापा. बऱ्याच वेळा तेवढ्यानंच फोन येतो.

श्रुतिका
सार्वजनिक काम म्हणजे फक्त विरोध नव्हे, हेही इथे यायला हवं. वरळीच्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडसारख्या संस्था बोलकी पुस्तकं करतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर दृष्टिहीनांसाठी सुलभ आवृत्ती करायला प्रताधिकारातून सूट आहे आणि अशा सुलभ पुस्तकांसाठीचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार मंजूर करणारा पहिला देश भारत, २०१४ साली. हे वाचन श्राव्यपुस्तकासारखं करू नका. पान क्रमांक बोलायचे, तक्ता ओळीनं वाचण्याआधी किती स्तंभ आहेत ते सांगायचं, चित्राचं वर्णन दोन वाक्यांत, मत न घालता. विद्यार्थी ते दीडपट-दुप्पट वेगानं ऐकतो. नाट्यमय विराम त्याला अडथळा होतात, स्वच्छ व्यंजनं उपयोगी पडतात.

स्वरयंत्र
आणि ज्या तंत्राची भीती वाटते त्याच तंत्रानं एएलएसच्या (स्नायूंवरचा ताबा आणि बोलणं हळूहळू जाणारा मज्जासंस्थेचा आजार) रुग्णाला स्वतःच्या आवाजात बोलता येतं. आवाज जायच्या आधी वाक्यं नोंदवून ठेवतात. उच्चार जड व्हायच्या आधी सुरुवात करावी लागते, उशीर झाला की जडपणाही प्रतिकृतीत उतरतो. नोंदणी करून घेताना शांत खोली, माईकचं अंतर, थोडं थोडं वाचन हे सगळं आवाज कलाकार शिकवू शकतो. व्यासपीठावर 'एआय वाईट' म्हणण्यापेक्षा 'संमती कुणाची, फायदा कुणाचा' असं विचारा. हा रुग्ण दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'माझी' आणि 'माझा' असं देतो.

काळी चार
सरकारकडे म्हणणं मांडायचं तर कसं?

खर्जातला
डिसेंबर २०२५ मध्ये उद्योग संवर्धन विभागानं जनरेटिव्ह एआय आणि प्रताधिकार यावर कार्यपत्र काढून सूचना मागवल्या होत्या. अशा वेळी भावनेनं भरलेली चार पानं कुणी वाचत नाही. मसुद्याचा परिच्छेद क्रमांक, त्यातली अडचण दोन ओळींत, सुचवलेली शब्दरचना, आणि खाली काम किती वर्षं, कोणत्या भाषांत, एवढं एका पानात. तीसजणांनी एकच मजकूर पाठवण्यापेक्षा डबिंगवाल्यानं डबिंगची, श्राव्यपुस्तकवाल्यानं त्याची बाजू लिहावी. मुंबईत असोसिएशन ऑफ व्हॉइस आर्टिस्ट्स ऑफ इंडिया आहे, त्यांच्यामार्फतही पाठवा. जाहीर बोलताना गोपनीयतेचं कलम तपासा: प्रदर्शित न झालेल्या कामाचं नाव, पात्र, स्टुडिओतला फोटो नको. दर आणि अटींबद्दल सर्वसाधारण बोलायला साधारणपणे हरकत नसते, पण कलमाची व्याप्ती वाचूनच बोला.

माईकसमोर
शेवटचं विचारते. जुनी कामं झाली, करारांच्या प्रतीही नाहीत. आता काय करता येईल?

डबिंगपट्टी
वही उघडा. कामाचं नाव, भाषा, पात्र, सत्राची तारीख, स्टुडिओ, किती तास, पैसे कोणाच्या खात्यातून आले, श्रेयनामावलीत नाव आहे का. तारखा बँकेच्या विवरणात सापडतात, सत्राच्या वेळा कोऑर्डिनेटरच्या जुन्या मेसेजमध्ये. श्रेयनामावलीचा स्क्रीनशॉट आजच काढा, मंचावरून मालिका उतरली की तो पुरावाही जातो. मग ज्यांनी पैसे दिले त्यांना मेल करून कराराची प्रत मागा, भांडणाचा सूर न लावता. प्रत आली की पहिल्यांदा मुदत आणि प्रदेश बघा. रिकामे असतील तर कलम३८ यांनी वर दिलेली पाच वर्षं मोजायला घ्या.